मागाला नाव काय द्यायचं आणि तो सापडायचा कसा?

ताणाबाणा:
नमस्कार मंडळी. सोलापुरात यंत्रमाग आणि टॉवेलच्या कारखान्यांसाठी आम्ही एक छोटी यंत्रणा बसवतो. प्रत्येक मागावर एक डबी असते. मिनिटाला किती पिक (आडव्या धाग्याचे फेरे) पडले, माग कधी थांबला, किती वेळ थांबला हे ती मोजते आणि आमच्या सर्व्हरला कळवते. मालकाला ते मोबाइलवर दिसतं, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला मेसेज जातो.

कारखाने मोजके होते तेव्हा नावं सरळ ठेवली होती, 'अक्कलकोटरोड-शेड२-माग१४' अशी. डबीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, त्याच ओळीत टेबलात. आता पसारा वाढलाय. मालक अक्कलकोट रोडवरचे माग उचलून चिंचोळीला नेतो, आणि चिंचोळीतला माग 'अक्कलकोटरोड' म्हणून हाका मारत बसतो. राऊटर बदलला की आयपी बदलतो. डबी जळली की नवी लावतात, आणि मागचा सगळा इतिहास जुन्या डबीच्या नावावर अडकून राहतो.

दोन प्रश्न आहेत. नावात ठिकाण ठेवावं की नुसता निरर्थक आकडा द्यावा? आणि नावावरून आजचा पत्ता शोधून देण्याचं काम कुणाचं, डबीचं, सर्व्हरचं की मधल्या एखाद्या नोंदवहीचं? माझा कल आकड्याकडे आहे. भागीदार म्हणतो, जॉबरला आकडा सांगून काय कळणार?

सातरस्ता_सागर:
भागीदार बरोबर बोलतोय. रात्रपाळीला दोन वाजता फोन येतो तेव्हा समोरचा माणूस 'शेड दोन, माग चौदा' एवढंच सांगतो. बत्तीस अक्षरांची बाराखडी त्याच्या कानात कोण ओतणार? ठिकाण ठेवा. माग हलला की नाव बदला.

कडकभाकरी:
वाचलालो. चालू द्या.

ताणाबाणा:
@सागर, नाव बदललं की जुने रिपोर्ट, अलर्टचे नियम, मालकाच्या एक्सेल, सगळीकडे ते बदलावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी दोन माग एकमेकांत मिसळतात. माणसाला सोपं हवं हे मान्य. पण माणसासाठीचं नाव आणि यंत्रासाठीचं नाव एकच असलं पाहिजे का?

जुनानेटकर:
शेवटच्या वाक्यात तुम्ही नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंय. हा वाद नेटवर्कइतकाच जुना आहे. १९७८ मध्ये जॉन शॉक यांनी तीन गोष्टी वेगळ्या मांडल्या: नाव म्हणजे आपण काय शोधतोय, पत्ता म्हणजे ते कुठं आहे, आणि मार्ग म्हणजे तिथं कसं पोचायचं. पुढे १९८२ मध्ये एमआयटीचे जेरोम साल्टझर यांनी हे आणखी बारकाईने सोडवलं. तो निबंध १९९३ मध्ये आरएफसी १४९८ (इंटरनेटच्या जाहीर तांत्रिक टिपणांपैकी एक) म्हणून पुन्हा निघाला. त्यांच्या मते नेटवर्कमध्ये चार प्रकारच्या वस्तूंना नाव लागतं: सेवा, ती चालवणारं यंत्र, ते यंत्र नेटवर्कला जिथं जोडलंय ती जागा, आणि दोन जागांमधला मार्ग. या चौघांत तीन सांधे असतात. कोणती सेवा सध्या कोणत्या यंत्रावर आहे, कोणतं यंत्र कोणत्या जागी जोडलंय, आणि त्या जागेपर्यंत कोणत्या वाटेनं जायचं. यातला प्रत्येक सांधा दुसऱ्याला धक्का न लावता बदलता आला पाहिजे.

आता तुमचं टेबल बघा. 'अक्कलकोटरोड-शेड२-माग१४' आणि शेजारी आयपी. एका ओळीत तुम्ही माग, डबी, फरशीवरची जागा आणि नेटवर्कमधली जागा अशा चार वस्तू कोंबल्यात. म्हणून एक हलली की चारही हलल्यासारख्या दिसतात. आकडा की ठिकाण हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवा, तुम्ही नाव कशाला देताय?

मधुरा_जुळेसोलापूर:
+१. मी गोदामांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तिथंही अगदी हेच. तीन टेबलं करा: माग, डबी, जागा. प्रत्येकाची ओळख स्वतंत्र. मग दोन नोंदी ठेवा, 'ही डबी या मागावर, या तारखेपासून या तारखेपर्यंत' आणि 'हा माग या जागी, या तारखेपासून या तारखेपर्यंत'. तारखा फार महत्त्वाच्या, त्याशिवाय मागच्या महिन्याचा रिपोर्ट आजच्या जागेवर चिकटतो.

कापड किती निघालं हा हिशेब मागाचा. डबी किती वेळा बंद पडली हा डबीचा. कोणत्या शेडमध्ये माग जास्त थांबतात हा जागेचा. तिघांचे प्रश्न वेगळे आहेत हे मालकाला दाखवलंत तर तोही लगेच मानेल.

सातरस्ता_सागर:
मधुराताई, हे पटलं. पण मग डबीला ओळख म्हणून मॅक पत्ता का नको? कारखान्यातूनच छापून येतो, जगात एकमेव.

मधुरा_जुळेसोलापूर:
मॅक पत्ता नेटवर्क चिपचा असतो, डबीचा नाही. ४८ बिट, त्यातले पहिले २४ आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने उत्पादकाला दिलेले. चिप बदलली की तो गेला. एकाच डबीत वायफाय आणि केबल दोन्ही असले तर दोन पत्ते, त्यातला खरा कुठला धरणार? शिवाय तो सॉफ्टवेअरने बदलताही येतो, हल्लीचे फोन तर स्वतःहून बदलतात. नोंदीत एक माहिती म्हणून ठेवा. ओळख म्हणून नको.

पोस्टातले_काका:
मी संगणकातला नाही. टपाल खात्यात सॉर्टिंगला नोकरी झाली, म्हणून या धाग्यात गुंतलो. ठिकाण सांगणारा आकडा कसा असावा याबद्दल थोडं सांगतो.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, आपलाच मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यासकट सॉर्टिंगचा जिल्हा, आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. सोलापूर ४१३००१, अक्कलकोट ४१३२१६, पंढरपूर ४१३३०४, बार्शी ४१३४०१. इथवर सगळे म्हणतात, बरोबर, ४१३ म्हणजे सोलापूर जिल्हा. पण धाराशिव ४१३५०१ आणि लातूर ४१३५१२! हे तर वेगळे जिल्हे. कारण ४१३ हा महसुली जिल्हा नव्हेच, ती टपालाची वाट आहे. पिशवी कुठं फोडायची ते तो आकडा सांगतो. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा पिन बदलला नाही, कारण टपालाची वाट बदलली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: पत्त्यात ठिकाण जरूर असावं, त्याशिवाय वाटप होणारच नाही. पण पत्ता हा माणसाचा नसतो. माणूस बार्शीहून पुण्याला गेला तर त्याचा पिन त्याच्याबरोबर जात नाही.

जुनानेटकर:
काका, नमस्कार घ्या. आयपीच्या उपसर्गांचं, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यांचं, तत्त्व हेच. आकड्यांची रचना वाटेप्रमाणे असते, म्हणूनच प्रत्येक राऊटरला जगातलं प्रत्येक यंत्र माहीत असावं लागत नाही. आणि त्याच कारणाने आयपी ही डबीची ओळख होऊ शकत नाही. वाट बदलली की तो बदलणारच, ते त्याचं कामच आहे.

कडकभाकरी:
काका, पुढचं पत्र टाकताना पिन लिहिताना हात जोडीन. लई भारी सांगितलंत.

टॉवरखालचा:
दूरसंचारमध्ये आहे, माझं क्षेत्र आलं म्हणून लिहितो. ठिकाणाचं नाव हळूहळू निरर्थक ओळख कसं बनतं याचं उदाहरण सगळ्यांच्या खिशात आहे.

लँडलाइनला ०२१७ म्हणजे सोलापूर. तो आकडा बघून एक्स्चेंज थेट वाट धरायचं. मोबाइल आले तेव्हाही पहिल्या चार-पाच आकड्यांवरून कंपनी आणि सर्कल कळायचं. मग २० जानेवारी २०११ ला नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली (हरियाणात दोन महिने आधी), आणि जुलै २०१५ पासून सर्कल ओलांडूनही नंबर नेता येऊ लागला. त्या दिवसापासून नंबरातले पहिले आकडे पत्ता म्हणून विश्वासाचे राहिले नाहीत. आता पोर्ट झालेल्या नंबरांची मध्यवर्ती नोंद असते. तिच्या प्रती कंपन्या आपल्याकडे ठेवतात आणि कॉल लावणारी कंपनी आधी त्यात बघते की हा नंबर आज कुणाकडे आहे.

तेवढ्यानं फोन कोणत्या टॉवरखाली आहे ते कळत नाही. त्यासाठी जीएसएममध्ये प्रत्येक ग्राहकाची एक घरची नोंदवही असते, तिला एचएलआर म्हणतात. तुम्ही सोलापूरहून हैदराबादला गेलात की तिथली पाहुण्यांची नोंदवही, म्हणजे व्हीएलआर, घरच्या वहीला कळवते की हा सध्या माझ्याकडे आहे. कॉल आला की आधी घरच्या वहीला विचारायचं. गंमत बघा, फिरणारा फोन स्वतः सांगतो मी कुठं आहे. नेटवर्क गावभर शोधत फिरत नाही. शेवटचा कॉल पोचवतानाच ठराविक भागातल्या टॉवरांवरून हाक मारली जाते, तीही त्या भागापुरतीच.

ताणाबाणाजी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं. डबीने कळवावं, वही तुमच्या सर्व्हरवर असावी.

ताणाबाणा:
हे फार उपयोगी आहे. आमच्या बऱ्याच डब्या सिमवर चालतात. मोबाइल कंपनीच्या नॅटमागे (अनेक यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्याआड ठेवणारी सोय) असल्याने बाहेरून त्यांना थेट गाठता येतच नाही. एमक्यूटीटी या निरोप-पद्धतीने त्या स्वतःच ब्रोकरला, म्हणजे मधल्या निरोप्या सर्व्हरला, जोडून राहतात. मग आयपी साठवायची गरजच उरत नाही का?

मधुरा_जुळेसोलापूर:
निरोप पोचवण्यासाठी नाही उरत. ब्रोकरकडे जोडणी उघडी आहे, निरोप त्याच वाटेनं परत जातो. एक मात्र आत्ताच तपासा: क्लायंट आयडी, म्हणजे जोडताना डबी स्वतःचं सांगते ते नाव. त्याच आयडीने दुसरी जोडणी आली तर एमक्यूटीटीच्या नियमाने ब्रोकर पहिलीला तोडतो. तुम्ही एका डबीचं मेमरी कार्ड जसंच्या तसं उतरवून दुसऱ्या डब्या बनवत असाल आणि आयडी त्या कार्डातच असेल, तर दोन डब्या आळीपाळीने एकमेकींना हाकलत बसतात. बाहेरून दिसतं नेटवर्क खराब, आणि माणसं राऊटर बदलत बसतात. ओळख ही डबी पहिल्यांदा सुरू होताना जन्मली पाहिजे, नकलेबरोबर आली नाही पाहिजे.

होटगीरोड_कुबर:
मी म्हणतो सरळ डीएनएस वापरा. नाव ते पत्ता, याच कामासाठी तो बनलाय. नवीन चाक कशाला?

१९८३ च्या आधी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सगळ्या यंत्रांची एकच फाइल असायची, होस्ट्स डॉट टीएक्सटी. ती कॅलिफोर्नियात एसआरआय या संशोधन संस्थेत सांभाळली जायची आणि सगळे तिथून उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी फाइल फुगली, नावं एकमेकांना भिडायला लागली, आणि उतरवलेली प्रत शिळी असायची. मग पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडला, आज चालतो तो १९८७ च्या आरएफसी १०३४ आणि १०३५ प्रमाणे. तुमचं एक्सेल टेबल म्हणजे तीच जुनी फाइल.

जुनानेटकर:
डीएनएसची उतरंड पिनसारखी वाटेप्रमाणे नसते, अधिकाराप्रमाणे असते, हे इथं लक्षात घ्यायला हवं. डॉट इनखालच्या नावाचा सर्व्हर भारतातच हवा असं काही नाही. 'या फांदीखालची नावं कोण ठरवणार' एवढंच ती उतरंड सांगते. म्हणूनच ती टिकली. पण मागाच्या बाबतीत अधिकारही हलतो. जुना माग मालक विकतो, तो भिवंडीला किंवा इचलकरंजीला जातो. नावात मालक ठेवलात तर तेही खोटं ठरणार.

दुसरं, डीएनएसची ताकद त्याच्या साठवणीत आहे. उत्तराबरोबर टीटीएल येतो, तेवढा वेळ मधले सगळे जुनं उत्तर देत राहतात. आठवड्यातून एकदा बदलणाऱ्या गोष्टीला हे उत्तम. पण सिमवरची डबी कधीही पत्ता बदलते. टीटीएल मोठा ठेवला तर शिळं उत्तर, लहान ठेवला तर प्रत्येक वेळी विचारणा. तुमच्या सर्व्हरच्या नावाला मात्र डीएनएस हवाच. डबीत सर्व्हरचा आयपी कधीही कोरू नका, नाव कोरा. सर्व्हर हलवायचा असेल तेव्हा जुना टीटीएल जितका असेल तितका वेळ आधीच तो कमी करून ठेवा, मग हलवा. आणि डबीतला प्रोग्राम नाव एकदाच सोडवून कायमचं धरून बसत नाही ना तेही बघा. जोडणी तुटली की पुन्हा विचारलं पाहिजे.

होटगीरोड_कुबर:
हे पटलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जवळपास सहा तास बंद होतं ते आठवतंय ना? देखभालीतल्या एका चुकीने त्यांची डेटा सेंटर्स जोडणाऱ्या वाटा तुटल्या. डीएनएस सर्व्हरना वाटलं आपण तुटलोय, म्हणून त्यांनी स्वतःकडे येणाऱ्या वाटांची घोषणा मागे घेतली. सर्व्हर जिवंत, नावं जिवंत, पण नाव सोडवणाऱ्यापर्यंत पोचायचीच वाट नाही. दुरुस्ती करणाऱ्यांची आतली साधनंही त्याच नावांवर उभी होती. आपली यंत्रणा छोटी असली तरी नोंदवही आणि ती दुरुस्त करायची वाट वेगवेगळी ठेवावी, हे मी त्यातून घेतलं.

शेवटचंवर्ष:
सोलापुरातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, वितरित प्रणाली हा विषय चालू आहे. मध्यवर्ती वही नकोच असेल तर डिस्ट्रिब्युटेड हॅश टेबल, म्हणजे सगळ्या यंत्रांत वाटलेली वही, चालेल का? २००१ च्या कॉर्ड या रचनेत सगळी यंत्रं एका वर्तुळावर मांडलेली असतात. नावाचा हॅश (नावावरून गणिताने मिळणारा आकडा) काढायचा आणि वर्तुळावर त्याच्या पुढचं पहिलं यंत्र जबाबदार. प्रत्येकाकडे दुप्पट-दुप्पट अंतरावरच्या यंत्रांची छोटी यादी असते, म्हणून हजार यंत्रांत साधारण दहा उड्यांत शोध लागतो. २००२ चं काडेम्लिया अंतर मोजायला एक्सऑर (दोन आकड्यांचे बिट कुठं वेगळे ते पाहणं) वापरतं, फाइली वाटणाऱ्या बिटटोरेंटमध्ये तेच आहे. कुणीही मालक नाही.

जुनानेटकर:
छान मांडलंस. आणि निरर्थक नावं कशी शोधायची याचं ते खरोखर सुंदर उत्तर आहे, कारण तिथं नावात धरायला फांदीच नसते. पण इथं मालक आहे! ताणाबाणांचा सर्व्हर आहेच, डब्या नॅटमागे एकमेकींना दिसत नाहीत, आणि वीज गेली की अख्खी शेड एकदम वर्तुळातून गळते. परस्परांवर विश्वास नसलेले हजारो अनोळखी लोक असतील तेव्हा ते शोभतं. तू मात्र कॉर्ड स्वतः लिहून बघ, एखादं यंत्र मध्येच गेल्यावर वर्तुळ पुन्हा कसं सांधतं ते हाताने केल्याशिवाय कळत नाही.

शेवटचंवर्ष:
धन्यवाद सर. प्रोजेक्टला तेच घेते.

टॉवरखालचा:
वीज गेली यावरून: वहीतली नोंद पुसणार कोण? गेलेली डबी 'मी गेले' सांगायला थांबत नाही. नोंद मुदतीची ठेवा. डबीने ठराविक वेळाने हजेरी लावायची, नाही लावली तर नोंद आपोआप शिळी. झूकीपर, एटसीडी या अशा वह्या सांभाळणाऱ्या प्रणालींत हीच सोय आहे. आणि पडद्यावर 'माग बंद' आणि 'डबीचा पत्ता नाही' हे वेगळे रंग द्या. मालक पहिल्यासाठी जॉबरला ओरडतो, दुसऱ्यात त्या बिचाऱ्याचा काय संबंध?

अशोकचौक_अनु:
एक वेगळाच त्रास सांगते. माणसांसाठी मराठी नावं ठेवणार असाल तर सावध. 'दुसऱ्या शेडचा माग' यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टंकला जातो. कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतो, कुणाचा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं. आमच्याकडे शोधात निम्मे ग्राहक सापडायचे नाहीत. युनिकोडचं नेहमीचं एकसारखं करणं, एनएफसी, इथं पुरत नाही. जोडचिन्हाचा नियम स्वतः लिहावा लागतो.

होटगीरोड_कुबर:
हे माहीत नव्हतं. डॉट भारत डोमेनमध्येही हा प्रश्न येत असणार. ती २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झाली, पण डीएनएसच्या पोटात नावं प्यूनीकोडमध्ये, साध्या रोमन अक्षरांतच जातात.

अशोकचौक_अनु:
अगदी. म्हणून ओळख आकड्यात ठेवा आणि मराठी नाव फक्त दाखवण्यापुरतं. शोधताना त्याची यादी द्या, टंकायला लावू नका.

सातरस्ता_सागर:
चला, आकड्याला मी हो म्हणतो. पण माझा रात्री दोनचा फोन अजून सुटलेला नाही!

ताणाबाणा:
भागीदाराला धागा दाखवला. ठरलं ते असं. माग, डबी आणि जागा यांना वेगळी ओळख. आतल्या कामाला यूयूआयडी, म्हणजे बत्तीस अक्षरांची एकमेव ओळख. मी सातव्या प्रकाराकडे बघतोय, आरएफसी ९५६२ मधला, त्यात सुरुवातीला तयार झाल्याची वेळ असते आणि डेटाबेसमध्ये रांग नीट लागते. जन्माची वेळ कधी बदलत नाही, म्हणून ती आत असायला हरकत वाटत नाही. सर्व्हरचं नाव डीएनएसमध्ये, डबीची हजेरी मुदतीची. शेडमध्ये आमचा माणूस लॅपटॉप घेऊन गेला तर स्थानिक शोधासाठी एमडीएनएस (त्याच नेटवर्कपुरता डीएनएस), ते राऊटरच्या पलीकडे जात नाही आणि तेवढंच हवंय. जुनी नावं टोपणनावं म्हणून जपणार, म्हणजे मालकांच्या एक्सेल मोडणार नाहीत.

सागरचा मुद्दा राहिलाय. मागावर स्टिकर लावायचं. त्यावर क्यूआर आणि खाली फोनवर सांगण्याजोगा छोटा आकडा. किती आकडी?

मधुरा_जुळेसोलापूर:
सहा आकडी, त्यातला शेवटचा तपासणीचा. आधारचा बारावा आकडा व्हेरहूफच्या पद्धतीने काढलेला असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे झाले तर ती पद्धत दरवेळी पकडते. आणि आधारही निरर्थकच आहे, त्यात जिल्हा नाही, जन्मसाल नाही. पहिला नंदुरबारच्या टेंभलीत २०१० मध्ये दिला. माणूस कुठंही राहायला गेला तरी आकडा तोच.

सातरस्ता_सागर:
माग चालू असताना फोनवर सात, आठ आणि साठ सारखंच ऐकू येतं. जॉबरला एकेक आकडा सुटा सांगायला लावा, 'बासष्ट' नको, 'सहा दोन'. आणि चुकीचा आकडा आला तर ॲपने तिथल्या तिथं सांगावं, मग चालेल.

पोस्टातले_काका:
स्टिकर मागाच्या चौकटीवर लावा, डबीवर नको. डबी बदलली तर स्टिकर तिच्याबरोबर जाईल.

ताणाबाणा:
काका, डबीवर तिचं वेगळं स्टिकर लावतो, वेगळ्या रंगाचं, आकडा 'ड' ने सुरू होणारा. सोमवारी चिंचोळीच्या एका शेडपासून सुरुवात करतोय.